मारुतराव वकिलांचा बेल-भंडार

“कोर्टात माणूस खोटं बोलेल, खंडोबाचा बेल-भंडार उचलून बोलणार नाही,” असं मारुतराव वकील एकदा भर कचेरीत म्हणाले होते.

चाकणजवळच्या आमच्या गावातला हा पहिला वकील. बाप तात्याबा पुण्याला लाकडाच्या मोळ्या नेऊन विकायचा. मुलगा तिथंच बोर्डिंगात राहून शिकला आणि सनद घेऊन तालुक्याला, खेडला, वकिली करायला परतला. उन्हाळ्यातही काळा कोट काढायचा नाही. गरिबाचं काम आधी घ्यायचा. पुढं लोकल बोर्डावर जावं, गावाला रस्ता आणावा, असं त्याच्या मनात होतं.

सत्तावन्न साली कसणाऱ्याची जमीन त्याची होणार, असा कायदा लागू झाला. गावातल्या कुशाबाईचा नवरा पाटलांचं, सोपानरावांचं, रान वर्षानुवर्षं खंडानं कसून मेला होता. त्याच्यामागं तिला तेवढ्या रानाचाच आधार होता. सोपानराव म्हणाले, तो कूळ नव्हता, रोजानं येणारा गडी होता. पाटलांविरुद्ध साक्ष द्यायला कुणी तयार होईना.

त्या वेळच्या कायद्यात एक वाट होती. समोरच्यानं देवाची शपथ घेतली, तर तो म्हणेल ते मान्य, असं लिहून देता येई.

“मावशी, पाटलाला देवळात उभा करू,” मारुतराव म्हणाले.

“आन् त्यानं उचलला तर?”

“न्हाई उचलायचा. निर्वंशाची भीती हाय. घरात सुना हाईत त्याच्या.”

“तुजं तू बघ, बाबा. मला कायदा कळत न्हाई. पर सोपानरावाला मी वळखते.”

मारुतराव हसले. कुशाबाईनं अंगठा दिला.

सोपानराव ओल्या धोतरानं देवापुढं आले. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ओंजळीत घेतला. “कुशाबाईचा नवरा माझ्याकडं रोजानं होता,” असं सरळ म्हणाले. हात हलला नाही. मारुतराव त्या पिवळ्या ओंजळीकडं बघत राहिले.

अपिलाला जागाच उरली नव्हती. कुशाबाई पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर पाट्या वाहू लागली. आता पाटलाचं काहीतरी होईल म्हणून गाव वाट बघत होतं. पाटलाला नातू झाला. विहिरीला नवा झरा लागला.

निवडणूक आली तेव्हा सोपानराव आपण होऊन मारुतरावांच्या दारात आले. “वकीलसाहेब, तुमी आमचा न्याय देवावर सोडला. गाव तुमच्या मागं हाय.” मारुतरावांनी ते नाकारलं नाही. बोर्डावर गेलो तर मावशीचं काही करता येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सोपानरावांनी घरटी एकाकडून, मत वकिलांनाच देईन म्हणून, बेल-भंडार उचलून घेतला. मारुतराव निवडून आले.

सत्कार देवळातच होता. कुशाबाई आली होती. खांबाशी उभी होती, पायांवर सिमेंटची पांढरी साल. सोपानरावांनी हार घातला आणि ताट पुढं केलं.

“आता मेंबरसाहेबांनी भंडार उचलावा. गावाशी इमान राखीन म्हणावं.”

मागून कुणीतरी ओरडलं, “उचला राव! काय बी होत न्हाई, पाटलांना इचारा!”

देऊळ हसलं. सोपानरावही हसले.

कुशाबाई हसली नाही. ती वकिलांच्या हाताकडं बघत होती.

मारुतरावांचा हात ताटापर्यंत गेला. बोटांना हळद लागली. मग त्यांनी हात मागं घेतला, हार काढून पायरीवर ठेवला, आणि कुशाबाईच्या समोरून देवळाबाहेर निघून गेले.