हातोड्याला कुंकू

माझ्या हातोड्याला कुंकू लावलं आणि मला कुंपणाबाहेर उभं केलं.

खंडेनवमीचा दिवस. अमरावतीत मालकांच्या नव्या प्रेसची पूजा होती. वाफेच्या जोरावर कापूस दाबून त्याच्या गाठी बांधायच्या, असं ते यंत्र. मुंबईहून आलेल्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली ते मी उभं केलं होतं. साहेबाला माझी जात कळत नव्हती. इतरांना कळत होती, पण उन्हात तापलेल्या लोखंडाला हात लावायला त्यांच्यातलं कुणी तयार नव्हतं.

वैशाखात मालक म्हणाले होते, "उभी कर मशीन. मिस्त्रीचा फेटा तुलेच."

त्या फेट्यासाठी राबलो. खोटं कशाला बोलू, फेटा बांधून महारवाड्यात कसा शिरेन, याची मनातल्या मनात तालीमही केली होती.

फेटा आला. जरीचा. बॉयलरला बांधला.

अमेरिकेतली लढाई संपून कापसाचा भाव तेव्हा खाली आला होता, पण बैलांच्या शिंगांवर चढलेली चांदी अजून उतरली नव्हती. मांडवात गालिचे, अत्तर. भटजींनी बॉयलरवर गोमूत्र शिंपडलं. गाय खाणाऱ्यांच्या मुलखात ओतलेलं, समुद्र ओलांडून आलेलं लोखंड एका गडव्यात पवित्र झालं. मी इथल्याच तिवशाकडचा. माझ्यापुरतं गोमूत्र अख्ख्या वऱ्हाडात नव्हतं.

खंडेनवमीला हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडतात. त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. दिवाणजींनी कोठारातली सगळी हत्यारं बाहेर काढायला लावली. त्यात माझा हातोडा होता. बाभळीचा दांडा, माझ्या तळव्यानं काळा गुळगुळीत झालेला. सगळ्यांत देखणा, म्हणून मधोमध ठेवला. कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. कुणाचा, हे विचारलं नाही.

आरती झाली आणि मालकांनी आपल्या मेहुण्याला मिस्त्री केल्याचं जाहीर केलं.

मी कुंपणाबाहेरून ओरडलो, "मालक, मले शब्द देल्ला होता तुमी!"

मांडव वळला. दिवाणजी हसले. "काहून रे, तुले कोनता धंदा येते? सडकेवर गिट्टी पसरली, लाइनीवर साखळी ओढली, अकोल्यात दाब फिरवला. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

मांडव हसला.

खरं होतं ते. सडकेवर गिट्टी बसवायला शिकलो, तर पाण्याच्या मडक्याला हात लागला म्हणून काढलं. बाळापूरच्या बाजूला रेल्वेच्या मोजणीत साखळी धरली, जमिनीचा उतार ओळखायला शिकलो, तर कारकुनाचा भाचा आला. अकोल्यात कापूस दाबायच्या हातदाबावर मळसूत्र कसं पकडतं ते शिकलो, आणि एक दिवस चुकून इतरांच्या शेजारी भाकर सोडली. सुताराचा पोरगा सुतार, लोहाराचा लोहार. त्यांची रेघ सरळ. माझी प्रत्येक वेळी दुसऱ्यानं मोडली, आणि वाकडी आहे म्हणून हसत होते मलाच.

मी म्हणालो, "मंग तो मधातला हातोडा माहा हाय. त्याची पूजा काहून केली?"

हसणं थांबलं. भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली.

"उचला! उचला तो आधी!" ते ओरडले.

कोण उचलणार? ज्यांनी कुंकू लावलं होतं, तेच आता बोटं धोतराला पुसत होते.

मांडवातला एक म्हातारा भाबडेपणानं म्हणाला, "पन महाराज, गोमूत्र शिंपडलं ना? मशीनलेबी तं यानंच हात लावला."

भटजी म्हणाले, "मशीन मालकांची आहे. हातोडा याचा आहे."

इतकं स्वच्छ शास्त्र मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

शेवटी मालकच ओरडले, "ये रे, घेऊन जाय तुया हातोडा! अन् उद्या सकाळी ये. मेव्हण्याले दाखवून दे, काय कसं ते."

मी आत गेलो. वाटेत रांगोळी होती. वळसा घातला नाही. हातोडा उचलला. माणसं दोन्ही बाजूंना सरकली. अशी रुंद वाट मला आजवर कुणी दिली नव्हती.

"उद्या येशीन ना?" मालकांनी विचारलं.

"नाही येत."

"अन् मंग खाशीन काय?"

मी वळलो. जोहार घातला नाही. कंबर सवयीनं वाकायला निघाली होती, तिला अर्ध्यात थांबवलं. इतकं जड काम मी कुठल्याच धंद्यात केलं नव्हतं.

घरी बायको फेट्याची वाट बघत होती. जे झालं ते सांगितलं. परातीत काढलेल्या पिठातलं अर्धं पीठ तिनं परत मडक्यात टाकलं.

वर्धा नदीवर रेल्वेचा पूल होणार, असं कानावर होतं. पुलाचं काम मला येत नव्हतं. ते शिकायचं ठरवलं. तिथूनही काढतील, मग त्याच्या पुढचं शिकायचं. लिहायला-वाचायला पुढे तसाच शिकलो. पण मागे प्रत्येक ठिकाणाहून मला काढलं होतं. या वेळी मी निघालो होतो.

अंगणात बसून हातोड्यावरचं कुंकू मातीनं घासून काढलं. दांड्याच्या खाचेत थोडं राहिलं, ते खिळ्यानं खरवडलं. पाठ वाकवून मिळणारं काम करणार नाही. आणि माझं हत्यार पुन्हा कुणाच्या मांडवात ठेवणार नाही.