गायकवाड मॅडम आणि क्रिस्टलमधली रेघ

आमच्या लॅबमधले किस्से गेटबाहेर सांगायची सोय नाही राव! निम्मा वेळ क्रिस्टल म्हणजे काय हे समजावण्यातच जातो. म्हणून ते साचत गेलेत. आज विषय निघालाय तर ऐकाच.

चाकणला आमची कंपनी सेन्सरसाठी क्रिस्टल वाढवते. लॅबच्या हेड गायकवाड मॅडम. आमच्या खास मायक्रोस्कोपमध्ये दोन पोलराइज्ड काचा आडव्याउभ्या बसवल्यात, त्या एकमेकींचा उजेड अडवतात; म्हणून तापवलेला क्रिस्टल त्याखाली पार काळा दिसतो. थंड होताना एका ठराविक तापमानाला तो आतून बदलतो आणि अंगभर रंगीत पट्टे उमटतात. त्या वेळी गार वारा लागला की तडा! म्हणून तेव्हा दार बंद म्हणजे बंद.

एकदा नेमके त्याच वेळी खुद्द डायरेक्टरसाहेब पाहुणे घेऊन आले. मॅडमनी काचेतूनच 'थांबा' म्हणून हात केला. साहेब नंतर घुश्शात म्हणाले, "मला बाहेर उभं केलंत?"

"तुम्ही थांबू शकता साहेब. तो थांबत नाही!"

तेव्हापासून साहेब आधी फोन करतात.

नांदेडचा पवार नवीन होता. मायक्रोस्कोपमध्ये काळोख दिसला म्हणून पठ्ठ्यानं बल्ब बदलला. तरी काळोख. परत बदलला! मॅडम म्हणाल्या, "पवार, बल्ब चांगलाय. क्रिस्टल गार होईपर्यंत चहा घेऊन ये."

कासारवाडीत मॅडम गॉगल घ्यायला गेल्या. आपला जुना पोलराइज्ड गॉगल आणि दुकानातला एकेक, असे एकावर एक आडवेउभे धरून त्या उजेडाकडे बघत बसल्या. दुकानदार वैतागला, "ताई, डोळ्याला लावून बघा की!"

"आधी काळं पडू दे. नाहीतर तुमचा पोलराइज्ड खोटा!"

चारपैकी एकच काळा पडला. तोच घेतला.

आणि तो दिवस! आधीचे सगळे मोठे क्रिस्टल तडकलेले. हा शेवटचा. हाही गेला तर लॅब बंद, असं वरून स्पष्ट सांगितलेलं. थंड होताना पट्टे उमटले आणि मधोमध एक सरळ रेघ आली.

पवार रडवेला झाला. "गेला की ओ मॅडम!"

"परत तापव."

"तडकलेला तापवून काय करायचं?"

"तडा असेल तर काळ्यातही चमकेल. पट्ट्यांची हद्द असेल तर पुसली जाईल. सावकाश तापव."

पट्टे गेले. सगळं काळं झालं. रेघ कुठंच नव्हती! पवारनं टेबलावर हात आपटायचा तेवढा बाकी ठेवला. मला तर मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं.

मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि बाजूला झाल्या.

"तू बघ रे पवार. मला काही नीट दिसेना, डोळे भरलेत."