तिनसांजेची वीज

माझा आवाज मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी सोलर बसवून देणाऱ्या माणसावर मी फोनवर अशी काही ओरडले, की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. "अहो, बॅटरी दिलीत की डबडं? रोज संध्याकाळी बंद पडते!"

रागाला कारण होतं. आदल्या मे महिन्यात भर दुपारी सासूबाई आपल्या खोलीत चक्कर येऊन पडल्या. मी कामावरून आले तर दार लोटलेलं, आणि त्या जमिनीवर. डॉक्टरांनी बजावलं, उन्हाळ्यात यांना गारव्यात ठेवा. आम्ही एसी बसवला. पण गिरणीच्या पगारात चार पोरं वाढवलेली बाई! बिलाच्या धाकाने त्यांनी रिमोट पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवला आणि हातपंखा घेऊन बसल्या. शेवटी गोराईतल्या आमच्या बैठ्या घरावर पॅनल चढवले, खाली बॅटरी लावली, तेव्हा त्यांनी अट घातली, "बिलात आपली वीज जमा झालेली दिसली, तर मगे लावीन तुमचो एसी."

आता गंमत अशी, की तारेतून वीज कंपनीला दिलेल्या विजेचा भाव वेळेनुसार ठरतो. दुपारी ज्याच्या त्याच्या गच्चीवर वीज उतू जात असते, तेव्हा दिली तर भाव कमी. दिवेलागणीला सगळ्यांनाच हवी असते, तेव्हा दिली तर जास्त. आमच्या भाजीवाल्याच्या अगदी उलट, तो संध्याकाळी उरलेली मेथी स्वस्तात काढतो. म्हणून आमची बॅटरी दुपारी भरायची आणि सातच्या ठोक्याला आपोआप वीज बाहेर सोडायची. म्हणजे सोडायला हवी होती. दोन बिलं आली, जमेच्या रकान्यात नावालाच काहीतरी. सासूबाई बिल हातभर लांब धरून म्हणायच्या, "काय गो, खंय आसा जमा?" आणि मार्च सरत आला होता. मला रात्रंदिवस तेच लोटलेलं दार दिसायचं.

तो माणूस बिचारा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. उघडून बघितलं, तपासलं. "मॅडम, मशीन झकास आहे."

"सात वाजेपर्यंत बसा. मग बोला."

तो बसला. सात वाजायला आले. सासूबाईंनी देवाकडे दिवा लावला, निरांजन हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत फिरवलं, मग शांतपणे गच्चीच्या जिन्याखाली बॅटरीपाशी गेल्या आणि मोकळ्या हाताने खटका खाली ओढला. खट्! बॅटरी बंद.

"आई! हे काय करताय?"

"तिनसांजेक घरातला मीठसुदा मी कोणाक दिलंय नाय. आणि तुमी घरातली लक्ष्मी तारेतना भायर धाडतास? सकाळी न्हावन इलंय, की चालू करतंय मा मी!"

वाट लागली! दोन महिने मी त्या माणसाला शिव्या घालत होते, आणि तो आता ओठ चावून हसू दाबत होता. मला मात्र हसू येईना. "आई, तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं? पुन्हा पडलात तर मी काय करू?" बोलता बोलता मला रडूच फुटलं. त्यांनी निरांजन खाली ठेवलं. मग त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "पण ही वीज जाता तरी खंय?"

"लांब नाही जात, आजी. जवळ जिथे लागेल तिथे. बहुतेक तुमच्या शेजारीच."

शेजारच्या घरात तेव्हा महिन्याभराचं बाळ होतं. त्यांच्या खिडकीत दिवा लागलेला, आणि बाळाने तिनसांजेचा सूर धरला होता. सासूबाईंनी मान वळवून त्या खिडकीकडे बघितलं.

"म्हणजे बाळंतिणीच्या खोलयेत दिवो?"

"हो, आजी."

"मगे तसा सांगूचा नाय? दिवो देऊक कोणी मना केल्यान नाय." त्यांनी स्वतःच्या हाताने खटका वर केला. "पण आधी माझ्या देवाकडे लागतलो, मगे तुमचो."

त्याने फोनवर सातची वेळ सव्वासात केली. मी त्याची माफी मागितली, चहा पाजला, आणि निघताना डबाभर खाजा दिला. पुढच्या बिलाला जमेचा रकाना भरला. सासूबाईंनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि बिल देवाच्या पाटाखाली ठेवलं.

मे महिन्यात एकदा मी भर दुपारी लवकर घरी आले. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. हाक मारायचंही सुचलं नाही, दार ढकललं.

गार हवा अंगावर आली. सासूबाई पलंगावर, गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली. त्यांनी एक डोळा उघडला.

"दार लाव गो आधी! गार वारो सगळो भायर जाता."

मी दार लावलं, आतूनच, आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसले.