बाबांचा दाराचा टब

माझ्या सत्तर वर्षांच्या वडिलांना, अंगाला साबण लागलेला असताना, भर अंगणात अर्ध्या गल्लीच्या साक्षीनं चार माणसांनी उचलून टबाबाहेर काढलं. त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. मी त्या काळात शाळेत विज्ञान शिकवत होतो, हेही आधीच कबूल केलेलं बरं. पुढं ते लपणार नाहीच.

बाबांनी सगळी उमर नागपूरच्या इतवारीमागच्या आमच्या घरात हातमागावर काढली. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि लुगडी विणायची. म्हातारपणी त्या खड्ड्यानं त्यांचे गुडघे धरले. ते ना नीट वाकत, ना नीट सरळ होत. माणूस मात्र भारी लाजाळू! बंडीशिवाय त्यांना घरात कुणी पाहिलं नव्हतं. (आईनं पाहिलं असावं, कारण मी आहे. पण आईला जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा विचारायची सोय नव्हती.) सगळ्यांच्या आधी उठायचं, न्हाणीची कडी लावून आंघोळ करायची, आणि त्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

एका हिवाळ्यात न्हाणीतला पाट सरकला आणि बाबा आडवे झाले. हाड वाचलं. पण डॉक्टर म्हणाले, "खाली बसून आंघोळ बंद. एकट्यानं तर बिलकुल बंद!" म्हणजे आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं.

"डोळे मीट," बाबा म्हणाले.

"मिटले."

"घट्ट मीट!"

डोळे मिटून दुसऱ्याला आंघोळ घालून पाहा एकदा! पहिला तांब्या भिंतीवर गेला. दुसरा बंबावर गेला, आणि बंब विझला. तिसरा बाबांच्या नाकातोंडात गेला. चौथ्या दिवसापासून बाबांना रोज सकाळी कणकण वाटायला लागली, म्हणजे आंघोळ टळली. आंघोळ नाही म्हणून चहा नाही, आणि चहा नाही म्हणून जेवणावर वासना नाही. आठवड्याभरात त्यांची गालफडं बसली. माझी बायको शालिनी त्यांचं ताट तसंच्या तसं परत नेताना रडली. त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "मधुकर, मले एकट्याले आंघोळ करता आली पाहिजे, बस. दुसरं काही नको."

एवढं साधं वाक्य! मी ते ऐकलं आणि थेट विलायतेत पोचलो.

झालं असं, की रद्दीच्या दुकानात मला एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात एक रंगीत जाहिरात होती. एक गोरा म्हातारा टबात बसून हसत होता, आणि त्या टबाला चक्क दार होतं! दारातून आत जायचं, आतल्या बैठकीवर खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, दार लावायचं आणि गळ्यापर्यंत पाणी भरायचं. मी ते पान कापून शालिनीसमोर ठेवलं.

"असा टब नागपुरात कुठं भेटते?" तिनं विचारलं.

"भेटत नाही. बनवून घ्याचा."

"अन् पैसे?"

मी छताकडे पाहिलं. ती समजली. दोन वर्षं भिशी भरून तिनं कूलरसाठी पैसे जमवले होते. आमच्याकडे मे महिन्यात कूलर नसलेल्या घरी पाहुणासुद्धा टिकत नाही! तरी ती उठली आणि तांदळाच्या डब्यातून पुडकं काढून माझ्या हातात ठेवलं. "मामंजींसाठी आहे म्हणून देऊन राहिली. पण एक डाव त्याइले विचारून तर घ्या."

"म्हाताऱ्या माणसाले काय विचाराचं त्यात?" मी म्हणालो. हे वाक्य आज लिहितानाही मान खाली जाते.

पैसे शेवटी कूलरवाल्याकडेच गेले. पत्र्याचं पाणी न गळणारं काम त्याच्याइतकं कुणाला येणार? देवाजी नाव त्याचं. कूलरच्या टाक्या बनवण्यात उभी हयात गेलेली. त्यानं जाहिरात उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मास्तर, दार कोणीकडं उघडाचं? चित्रात तं बंद हाय."

"आत."

"बाहीर ठिवू ना. अलमारीले रायते तसं. वरून पक्की कडी लावतो."

मी त्याच्याच पत्र्यावर खडूनं आकृती काढली. बाणसुद्धा काढले! "हे पाहा. पाण्याचा दाब असा, बाहेरच्या बाजूले. दार आत उघडणारं असलं का पाणीच त्याले दाबून धरते. एक थेंब बाहेर येणार नाही."

"ते बराबर हाय. पण मानूस आतमंधी बसल्यावर दार जाईन कुठं? त्याइचे गुडघे रायतीन ना तिथं."

"देवाजी, हे शास्त्र आहे!"

शास्त्र म्हटल्यावर त्या बिचाऱ्यानं दाराचा नाद सोडला. मग हळूच म्हणाला, "धराले एखादा पाइप लावू काय?"

"चित्रात आहे काय? नाही ना? मग!"

"अन् पाणी सोडाले?"

"कूलरले लावता तेवढी तोटी पुरे. उगाच मोठं भोक काहून पाडाचं?"

देवाजीनं दाराला सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं, सगळ्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि पंधरा दिवसांत टब हातठेल्यावर घालून आमच्या दारात आणला. तो न्हाणीत जाईना. न्हाणीचं दार दोन फुटांचं, टब तीन फुटांचा. (मी टब मोजला होता. न्हाणी कोण मोजतं?) मग तो अंगणात ठेवला आणि भोवती दोरी बांधून चादरी टांगल्या. एव्हाना मी शाळेत, पानठेल्यावर आणि किराणा दुकानात सांगून ठेवलं होतं की बापासाठी असा टब साऱ्या विदर्भात कुणी केला नाही. त्यामुळे रविवारी सकाळी उद्घाटनाला गल्ली जमली. शालिनीनं टबाला हळदकुंकू लावलं. शेजारच्या सुशीलाकाकूंनी नारळ आणला.

बाबांनी टब पाहिला, मग माणसं पाहिली. "जिंदगीभर खड्ड्यात पाय सोडून बसलो. आता तू मले पुराच उतरवून राहिला काय?" एवढंच ते म्हणाले. पण माझा फुललेला चेहरा पाहून पंचा नेसून आत शिरले. मी त्यांना आत कडेला उभं करून दार लावलं, वरून काखेत हात घालून बैठकीवर बसवलं, बंबातलं कढत पाणी विसणून बादल्यांनी ओतलं आणि चादरीबाहेर आलो.

एक थेंब गळाला नाही! आतून पाणी हलल्याचा आवाज आला, साबणाचा वास आला, आणि थोड्या वेळानं चक्क भजन गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. किती दिवसांनी! मी सगळ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं, की आता कुणीतरी हार आणावा.

"मधुकर, झालं गा. दार उघड."

मी आत गेलो आणि दार आत ढकललं. ते हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. शास्त्र आपलं काम चोख बजावत होतं! मग तोटी सोडली. तिच्यातून करंगळीएवढी धार निघाली, आणि थोड्या वेळात साबणाचा चुरा अडकून तीही थांबली.

"किती वेळ लागन?" बाबांनी विचारलं.

मी मनातल्या मनात गणित केलं. उत्तर रात्रीच्या जेवणापर्यंत गेलं, म्हणून सांगितलं नाही.

पाणी गार व्हायला लागलं आणि बाबांचे दात वाजायला लागले. ते ऐकून शालिनी धावत आली आणि तिनं गरम पाण्याची बादली आत ओतली. मी एका तांब्यानं उपसत होतो, ती बादलीनं भरत होती! पाणी बाबांच्या हनुवटीला लागलं.

"अवं, काय करून राहिली तू?" मी ओरडलो.

"त्याइले थंडी वाजून राहिली! तुमाले दिसत नाही काय?"

तेवढ्यात चादरीतून सुशीलाकाकूंचं तोंड आत आलं. "उपसाचं हाय काय पाणी? आमी येऊ?"

"नका येऊ!" बाबा जिवाच्या आकांतानं ओरडले. सत्तर वर्षांत त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता.

पण काकूंनी हाळी दिली होती. बादल्या आल्या, घमेली आली, कुणी पितळी घंगाळ आणलं. काकू म्हणाल्या, "हे पाणी सांडू नका बाप्पा, माह्या गोधड्या भिजतीन यात!" त्या गोंधळात कुणाची तरी बादली दोरीला अडकली आणि चारही चादरी एकदम खाली आल्या.

टबात बाबा होते. पाण्यावर तरंगणारा पंचा त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला होता, डोक्यावर साबणाचा फेस होता आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. ते डोळे अजून दिसतात मला. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी सगळी गल्ली हसली. आणि लाजेची गोष्ट ही, की मीही हसलो.

पाणी कमरेखाली गेल्यावर दार सुटलं, चार बोटं आत गेलं आणि बाबांच्या गुडघ्यांवर आदळलं. देवाजी सांगत होता तेच! बाबा उठू पाहत होते, पण धरायला काही नव्हतं आणि सगळीकडे माझा गुळगुळीत पत्रा. शेवटी शेजारच्या चार जणांनी त्यांना काखेत आणि मांड्यांखाली धरून वरून बाहेर काढलं. सतरंजीत गुंडाळल्यावर बाबा कुडकुडत म्हणाले, "चौघांनी उचलाची माही वेळ अजून आली नव्हती गा, मधुकर."

मग मात्र कुणी हसलं नाही. एकेक जण बादली उचलून निघून गेला. दिवसभर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्यांच्यासमोर जायला मला तोंड नव्हतं.

सोमवारी देवाजी आला. त्याच्या कानावर गेलंच होतं. तो माझ्याशी बोलला नाही. सरळ बाबांच्या खाटेजवळ उकिडवा बसला. "बाबाजी, तुमाले काय पाहिजे?"

"बसाले जरा उंच काही," बाबा म्हणाले, "अन् उठताना धराले काही."

संध्याकाळच्या आत त्यानं लोखंडी अँगलचं एक स्टूल आणलं आणि न्हाणीच्या भिंतीत हात-दीड हात पाइप पक्का बसवला. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी न्हाणीची कडी आतून लागल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. मी बाहेर उभा होतो. बाबा बंडी घालून, केस पुसत, एकटे बाहेर आले आणि शालिनीला म्हणाले, "चहा ठेव वं, माय."

"बाबा," मी विचारलं, "एवढंच पाहिजे होतं तर मले काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलं काय?"

त्यानंतर बरीच वर्षं बाबा रोज एकटे आंघोळ करत होते. टबाचं पुढं काय झालं ते विचारू नका. शालिनीला तर मे महिन्यात अजिबातच विचारू नका! मी मात्र रोज सकाळी न्हाणीबाहेर उभा राहून न चुकता विचारायचो, "बाबा, काही पाहिजे काय?"

आतून घाईघाईनं उत्तर यायचं, "काही नको गा! अन् तू काही आणू नको!"