पाव फेरा
राजुरीतला आमचा शेजारी शॅम्पेनच्या कारखान्यात होता. गाळ बुचाशी उतरावा म्हणून उलट्या लावलेल्या बाटल्या रोज पाव फेरा फिरवायच्या, हेच त्याचं काम. घरी चहाचा ग्लाससुद्धा तो पाव फेरा फिरवूनच उचलायचा. मला लई हसू यायचं.

माझ्या ट्रॅक्टरच्या शोरूमच्या उद्घाटनाला मी टीव्हीत बघितलं तशी शॅम्पेनची बाटली गदागदा हलवली आणि सगळी पाहुण्यांवर उडवली.

गर्दी पांगल्यावर शेजारी जवळ आला. "भाऊ, इतकी वर्सं फिरवली, पन चव म्हाईत न्हाई. घोटभर उरली का?"

मी बाटली ग्लासात उपडी केली. चमचाभर फेस पडला, तोही विरला. त्यानं ग्लास पाव फेरा फिरवला, ओठाला लावला.

"झ्याक हाय, भाऊ," तो म्हणाला.

ग्लास कोरडा होता.