आमचा कागद कोण मानतो?

"आम्हाला तुमचं ट्रेनिंग नको आहे," ॲग्नेस म्हणाली.

कॉन्फरन्स रूममधल्या सगळ्यांनी छापील कार्यक्रमातून डोकं वर काढलं. आमचे डायरेक्टर तिवारी सर हसले. पाहुण्यांचं बोलणं पसंत पडलं नाही की ते असेच हसत.

"मॅडम इज जोकिंग," ते म्हणाले.

"मी चेष्टा करत नाही. माझ्या खात्यातली निम्मी माणसं कुठून ना कुठून ट्रेनिंग घेऊन आली आहेत. आमचा शेंगदाण्याचा कंटेनर तरीही युरोपच्या बंदरातून परत येतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता तुम्ही सांभाळा.

भोपाळच्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत मी फूड टेस्टिंग शिकवायचे. खाण्याचा माल परदेशी पाठवायचा तर तो आधी कसा तपासायचा, हा माझा विषय. आमच्याकडे दरवर्षी विकसनशील देशांतले अधिकारी यायचे. याला तांत्रिक सहकार्य म्हणतात. आपण त्यांना आपलं कौशल्य द्यायचं, म्हणजे त्यांचा व्यापार त्यांना स्वतःच्या बळावर करता येईल. फायलीत याचं नाव कपॅसिटी बिल्डिंग. नेहमीचा कोर्स ठरलेला असायचा. उद्घाटन, लेक्चर्स, एक दिवस सांची, एक दिवस भीमबेटका, समारोप.

या वेळी मात्र एका देशासाठी अख्खा तीन वर्षांचा प्रोजेक्ट आखायचा होता. देशाचं नाव सांगत नाही. आफ्रिकेतला छोटा देश, समुद्रकिनारा नाही, भुईमूग हेच मुख्य पीक. ॲग्नेस तिथल्या निर्यात-तपासणी खात्याची प्रमुख. पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत. ती प्लॅनिंगसाठी आठवडाभर आली होती आणि पहिल्याच सकाळी तिने आमच्या छापील कार्यक्रमावर पाणी ओतलं. मला ती तिथेच आवडली.

दुसऱ्या दिवशी बिट्टन मार्केटचा आठवडी हाट होता. तिला भाजीबाजार बघायचा होता म्हणून घेऊन गेले. भाज्यांच्या रांगा तिने पाहिल्याच नाहीत. मूंगफलीच्या ढिगापाशी जाऊन खाली बसली आणि शेंगा फोडायला लागली. दुकानदार खूश झाला. "चख के देखिए, दीदी, एकदम कुरकुरी है!" ती चाखत नव्हती. दाणा नाकाशी नेत होती, उजेडात धरत होती. शेवटी एक सुरकुतलेला, करडा पडलेला दाणा तिने माझ्या हातावर ठेवला.

"हा असा एक दाणा," ती म्हणाली, "आमचा कंटेनर परत पाठवतो."

हे अतिशयोक्तीचं वाटेल, पण नाही. भुईमूग नीट वाळला नाही तर त्यावर एक बुरशी येते. ती ॲफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते लिव्हरला घातक. धुऊन, भाजून पूर्ण जात नाही, डोळ्यांना दिसत नाही. शिवाय ते सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि मध्येच एखादा विषारी. म्हणून पुष्कळ पोत्यांतून थोडा थोडा माल काढायचा, सगळा एकत्र दळायचा आणि मग त्यातला चमचाभर मशीनमध्ये मोजायचा. दळण्यात आळस केला तर मशीन कितीही भारी असो, उत्तर चुकणार.

"तुमच्याकडे लॅब आहे ना?" मी विचारलं.

"आहे. दोन चांगले केमिस्ट आहेत, जोसेफ आणि रूथ. पण आमचा कागद कोण मानतो?"

खरं दुखणं ते होतं. लॅब चांगली असणं वेगळं आणि तिचा रिपोर्ट खरेदीदार देशाने मानणं वेगळं. त्यासाठी ॲक्रिडिटेशन लागतं, म्हणजे मान्यता. बाहेरचे तपासनीस येतात, पद्धत बघतात. त्याआधी तुलना-चाचणी असते. एकाच नमुन्याचे भाग अनेक लॅबना पाठवतात आणि कोणाचं उत्तर कितपत जुळतं ते पाहतात. आणि तपासणारी माणसं टिकलेली असावी लागतात. दर वर्षी नवी माणसं असतील तर मान्यता मिळत नाही.

परतताना गाडीत तिने माझ्याकडून तो करडा दाणा परत घेतला. मग म्हणाली, "आमच्याकडे एका मोठ्या शेडमध्ये बायका दिवसभर दाणे निवडतात. माझी आई तेच करायची. मी त्या पैशावर शिकले. आणखी एकदा माल परत आला तर युरोपातला खरेदीदार आम्हाला सोडणार आहे. मग शेड चालणार नाही."

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी प्लॅन लिहिला. दिवसा माझ्या लॅबमध्ये, संध्याकाळी इंद्रपुरीला आमच्या घरी. माझे मिस्टर कारखान्यात इंजिनीयर होते. लग्नानंतर त्यांच्या बदलीपायीच मी नागपूरहून इथे आले. त्यांनी जेवता जेवता सगळं ऐकलं.

"अगं, दिल्लीवाले त्यांना मशीन देणार असतील तर आधी विचार, ते बसवणार कोण," ते म्हणाले. "आमच्याकडे मशीन येतं, फाउंडेशन नंतर खणतात."

ॲग्नेसला मी ते इंग्रजीत सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "तुमचे मिस्टर आमच्या मंत्रालयात काम करतात का?"

प्लॅन साधा होता. जोसेफ आणि रूथ यांनी भोपाळला येऊन सहा महिने आमच्या लॅबमध्ये रोजचं काम करायचं. मग आमचा एक माणूस तिकडे जाऊन त्यांच्यासोबत राहणार, मशीन बसवणार. मग तुलना-चाचणी. शेवटच्या वर्षी मान्यतेचा अर्ज. वर्गातली लेक्चर्स जवळजवळ नव्हतीच.

ॲग्नेस समाधानाने गेली. मी प्लॅन घेऊन तिवारी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"दो लोग?" त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, पूरे प्रोजेक्ट में दो लोग?"

"सर, उनके पास केमिस्ट ही दो हैं."

"दिल्ली को मैं क्या दिखाऊँ? वे पूछेंगे, कितने ट्रेन किए. मैं कहूँ, दो?"

"सर, मान्यता मिली तो पूरे देश का माल निकलेगा."

"मान्यता का कॉलम ही नहीं है फॉर्मेट में," ते शांतपणे म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. कॉलम खरोखरच नव्हता. किती अधिकारी, किती कोर्स, किती महिला, एवढंच विचारलेलं होतं.

मी भांडले. दिल्लीला मंत्रालयात मीटिंग झाली तेव्हाही बोलले. तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "व्हेरी व्हॅलिड पॉइंट," म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. प्लॅन मंजूर होऊन आला तेव्हा सहा महिन्यांचे तीन आठवडे झाले होते. दोन माणसांच्या जागी बॅचेस आल्या होत्या. आमचा माणूस तिकडे जाणार हे वाक्य गायब होतं. मशीन मात्र राहिलं. मशीनचा फोटो चांगला येतो.

पहिली बॅच उतरली. मी विमानतळावर जोसेफ आणि रूथची वाट बघत होते. दोघंही नव्हते. आले ते टापटीप सुटातले भले लोक. एक पर्यटन खात्यातला, एक शिक्षण खात्यातला, दोघं मंत्र्यांच्या ऑफिसातले. वर्गात ते लक्ष देऊन ऐकत, प्रश्न विचारत. त्यातला एक मनमोकळा होता. दळलेल्या नमुन्याची भांडी धुता धुता मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? शेंगदाण्याशी माझा संबंध फक्त खाण्यापुरता."

मी ॲग्नेसला फोन लावला.

"मी दोघांची नावं सगळ्यात वर दिली होती," ती म्हणाली. "पण परदेशवारी आहे ना. नावं वरच्या मजल्यावर गेली आणि बदलून खाली आली."

"आणि मशीन?"

"आलंय. खोक्यात आहे. खोक्यावर तुमच्या देशाचा झेंडा आहे, म्हणून ते रिसेप्शनमध्ये ठेवलंय."

पुढच्या बॅचेसही तशाच आल्या. मधल्या काळात जोसेफ खाण कंपनीत नोकरीला गेला. उरली रूथ.

मग मी माझ्या वेळात रूथला व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागले. कोणाची परवानगी घेतली नाही, कोणाला सांगितलंही नाही. तिशीची मुलगी, बोलणं कमी, हात स्थिर. तिकडच्या एका इलेक्ट्रिशियनला हाताशी धरून तिने मशीन खोक्यातून काढून बसवून घेतलं. वीज सारखी जायची, तर तिने भांडून बॅटरी मिळवली. नेट तुटायचं, पुन्हा लागायचं. सुरुवातीला तिची उत्तरं भलतीच यायची. चूक दळण्यात होती, ती आम्ही कॅमेऱ्यासमोर शोधून काढली. नंतर उत्तरं जुळायला लागली. तुलना-चाचणीत तिने भाग घेतला आणि तिची लॅब पास झाली. पहिल्यांदाच. त्या दिवशी ॲग्नेस फोनवर नुसती ओरडत होती. मी लॅबमध्ये सगळ्यांना पेढे दिले. तिवारी सरांनीही घेतला, कशाबद्दल ते विचारलं नाही.

आता फक्त मान्यतेचा अर्ज आणि तपासनिसांची भेट राहिली होती. मी केबिनमध्ये गेले.

"मॅडम, प्रोजेक्ट तो क्लोज हो रहा है," सर म्हणाले. "टार्गेट पूरा हो गया. बल्कि ज़्यादा हो गया."

"सर, एक ही स्टेप बाकी है. वो नहीं हुआ तो बाकी सब बेकार."

"अगले फेज़ में देखेंगे."

पुढचा फेज नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

समारोपाचा रिपोर्ट माझ्याकडे सहीला आला. त्यात लिहिलं होतं, 'सदर देशाची प्रयोगशाळा आता निर्यात-चाचणीसाठी पूर्णपणे सक्षम झाली आहे.' मी ते वाक्य खोडलं. लिहिलं, लॅब मोजू शकते, पण तिला मान्यता नाही, त्यामुळे तिचा रिपोर्ट कुठेही चालणार नाही.

सरांनी मला बोलावलं. या वेळी ते हसले नाहीत.

"आप हर चीज़ में निगेटिव्ह क्यों हैं? एक लाइन से क्या बिगड़ता है?"

"सर, वो लाइन वहाँ कोई सच मान लेगा."

मी सही केली नाही. दुसऱ्या विभागप्रमुखांनी केली. खोडलेलं वाक्य परत जागेवर आलं आणि रिपोर्ट आर्ट पेपरवर छापला गेला. पुढच्या महिन्यात मला वर्गातून काढून होस्टेल आणि मेसच्या कमिटीवर टाकलं. निवृत्तीपर्यंत मी तिथेच होते. डाळ पातळ झाल्याच्या तक्रारी ऐकायचे.

त्याच हंगामात ॲग्नेसच्या देशाचा कंटेनर युरोपातून परत आला. शेतकऱ्यांच्या संघाने घाईत, रूथकडून न तपासताच माल भरला होता. तसाही तिच्या कागदाचा उपयोग काय, हे त्यांचं म्हणणं. मंत्र्यांनी ॲग्नेसला बोलावलं. टेबलावर आमचा रिपोर्ट होता.

तिने मला फोन केला तो रविवारी सकाळी. आमच्या घरी पोहे चालले होते. मी बशी बाजूला ठेवली.

"मंत्र्यांनी मला तुमचं वाक्य वाचून दाखवलं," ती म्हणाली. "पूर्णपणे सक्षम. मग विचारलं, भारतीय मित्र म्हणतात सगळं झालंय, तर हा दोष कोणाचा?"

"मी त्यावर सही केली नव्हती, ॲग्नेस."

"मला माहीत आहे. मी सह्या वाचल्या. पण ते सह्या वाचत नाहीत."

"मी त्यांना लिहू का?"

"कोण म्हणून लिहिणार? मेसच्या मॅडम म्हणून?" ती कडवट हसली. मग आवाज खाली गेला. "मला एका दूरच्या जिल्ह्यात पाठवलंय. बियाणं वाटपाचं काम. खरेदीदार गेला, आता शेड बंद, हे तिथल्या बायकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. एक जण माझ्या आईची मैत्रीण होती. ती म्हणाली, तू एवढी शिकलीस, आणि तुला हे थांबवता आलं नाही?"

 फोन ठेवल्यावर मिस्टरांनी विचारलं, "काय झालं गं?" मी सांगितलं. त्यांनी माझी बशी गरम करून आणली. मला खाववलं नाही.

भुईमूग तिथे आजही पिकतो. आता तो शेजारच्या देशातले व्यापारी कच्चाच उचलतात, पडत्या भावात. त्या देशात मान्यता असलेली लॅब आहे. तिथे तो निवडला जातो, तपासला जातो, त्यांच्या नावाने पोत्यात भरला जातो आणि युरोपात बिनबोभाट उतरतो.

हे मला रूथने कळवलं. ती आता त्याच शेजारच्या लॅबमध्ये सीनियर केमिस्ट आहे. तुलना-चाचणीतलं तिचं काम पाहून त्यांनी तिला बोलावून घेतलं. पगार चांगला, मुलगा चांगल्या शाळेत. तिच्या टेबलावर येणारे बरेचसे नमुने तिच्याच देशातले असतात. फक्त खालचा शिक्का दुसऱ्या देशाचा. तिने हे तक्रारीच्या सुरात लिहिलं नव्हतं. मला कळावं म्हणून लिहिलं होतं, आणि शेवटी आभार मानले होते. मी तिचं मनापासून अभिनंदन केलं. दुसरं काय करणार होते? त्या अख्ख्या प्रोजेक्टमधून खरोखर तयार झालेलं माणूस ती एकटीच, आणि तिचं नाव आमच्या एकाही बॅचमध्ये नव्हतं.

आता नवे लोक असे प्रोजेक्ट आखतात. त्यातलं कोणी कधी भेटलं तर मी एकच सांगते. काय शिकवायचं ते सगळ्यात शेवटी ठरवा. शिकून गेलेला माणूस उद्या कुठल्या टेबलावर बसणार आणि त्याने सही केलेला कागद कोण मानणार, हे आधी दोन्ही सरकारांकडून लिहून घ्या. लिहून मिळालं नाही, तर कोर्स खुशाल घ्या, पण त्याला सहकार्य म्हणू नका.