शिट्टी मारत गेलेली गाडी

इंदूरजवळच्या बेटमा रोडवरचं ते प्रकरण काही मनातून जात नाही. निवृत्त होऊन घरी बसलोय, तरी एखादी गाडी तसा आवाज करत गेली की हातातला चहा तसाच राहतो.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्याचा टीआय, म्हणजे प्रभारी होतो. सकाळी एका पांढऱ्या कारने सायकलवरच्या दूधवाल्याला उडवलं आणि ती पळाली. मागून येणारा टॅक्सीवाला थांबला, त्याने जखमीचं डोकं मांडीवर घेतलं. नेमके तेव्हाच गावकरी धावत आले. टॅक्सी पांढरी आणि याच्या शर्टावर रक्त. लोकांनी त्यालाच बदडलं आणि ठाण्यात आणून टाकलं. दूधवाला दवाखान्यात जिवंत पोचलाच नाही.

फाटकावर जमाव आणि वरून सारखे फोन. लोकांच्या तक्रारीवरून अटक दाखवावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात उभं करायचं होतं. एकदा तो जेलमध्ये गेला असता तर बाहेर यायला किती काळ लागला असता, कोण जाणे. त्याची बायको अन्नपूर्णा भागातल्या घरून डबा घेऊन आली होती आणि बाकावरून हलत नव्हती.

“साहेब, मी त्याला उचलायला थांबलो. ती गाडी तर शिट्टी मारत निघून गेली,” फुटक्या ओठांनी तो एवढंच सांगत होता. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीला काहीतरी जोडतो. हा काहीच जोडत नव्हता.

वळणावरच्या चहावाल्यानेही ती शिट्टी ऐकली होती. “कुकर जैसी, साब. गाडी भागी तो और तीखी हुई.” मी टॅक्सी त्याच्यासमोरून जोरात पळवून दाखवली. त्याने तोंड वाकडं केलं. “ये तो खाँसती है.”

संध्याकाळी खबऱ्याने कोडं सोडवलं. सुपरचार्जर! इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं हे यंत्र इंजिनात जादा हवा कोंबतं आणि ताकद वाढवतं. वेग चढला की त्याची शिट्टीही चढते. पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या भागात एकच मिस्त्री हे काम करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चहावाल्याला घेऊन मिस्त्रीच्या वर्कशॉपवर गेलो. मिस्त्री मराठीच निघाला, इथल्या कापड गिरणीत कामाला आलेल्या घराण्यातला.

“कोणाच्या पांढऱ्या गाडीला हे यंत्र लावलंस?”

“साहेब, गिऱ्हाइकाचं नाव आपण नाही सांगत. मी इंजिन टिकवून देतो. हवेचा दाब कमी ठेवतो, पिस्टन पहिले मजबूत टाकतो. रोज ऑफिसला न्या, टेन्शन नाही.”

“आणि माणसावरून नेली तर?”

जो थांबला तोच आत बसलाय, हे मी त्याला सांगितलं. त्याने हात पुसले. मग म्हणाला, “नाव नाही सांगणार. पण तुम्ही बसा इथंच. गाडीतून काढलेलं कंपनीचं जुनं सामान मी सगळ्यांचं जपून ठेवतो. तपासणी आली, लफडं झालं, की सगळे तेच लावायला येतात. तो पण येईल.”

मी साध्या कपड्यांत टायरवर बसलो. ठाण्यातून मुन्शीचा, म्हणजे कारकुनी बघणाऱ्या हवालदाराचा फोन आला, जमावाने टॅक्सीच्या काचा फोडल्या होत्या. “सर, आरोपीला कोर्टात रवाना करू?” मी थांब म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा तोच फोन. मिस्त्रीने मला नुसतं गुंडाळलं असेल तर?

गल्लीत शिट्टी वाजली. चहावाला ताडकन उठला. “यही है!”

कार पांढरी होती, बंपर कोरा करकरीत. इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ उतरला. “भिया, जुनं सामान लावून दे. अभी के अभी.”

मिस्त्रीने बंपर खोलला. बंपरमागे, इंजिनात कोंबायची हवा थंड करणारी जाळी होती, मिस्त्रीनेच बसवलेली. बंपर कोणीही बदलून दिला असता, पण त्या जाळीला हात लावणारा इंदूरमध्ये हाच एक. जाळी आत दबलेली होती. तिच्यात दूधवाल्याच्या चौकड्यांच्या शर्टाची चिंधी अडकली होती आणि दूध सुकून बसलं होतं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला. पंचनामा तिथंच केला.

“इंजिन लांब पळवल्यावर तापतं का, तेवढंच बघायला गेलो होतो,” गृहस्थ म्हणाला. त्याला कुठे पोचायचंही नव्हतं! तपासात इतका राग मला क्वचित आला असेल.

कागदपत्रं पुरी करून टॅक्सीवाल्याला सोडलं. जाता जाता तो वळला. “साहेब, पुढं कोणी रस्त्यात पडलेला दिसला, तर थांबू का नको?”

खाकी घातलेल्या माणसाने याचं उत्तर झटकन द्यायला हवं होतं. त्याची बायको डबा उचलत म्हणाली, “हे थांबणारच, साहेब. तुम्ही फक्त जरा लवकर येत जा.”

नंतर हाताखालच्या प्रत्येक नव्या पोराला मी हेच शिकवलं. अपघाताच्या जागी रक्ताने माखलेला माणूस उभा दिसला, तर त्याला आधी पाणी द्या. नाव नंतर विचारा.